नोटपॅडचा पसारा : एका साध्या साधनाचं प्रकरण

संगणकावर दिवसभर काम करणाऱ्या माणसाच्या मागे पाच मिनिटं उभं राहा. वेबपानावरचा मजकूर तो निवडतो, नोटपॅडमध्ये टाकतो, तिथून लगेच पुन्हा उचलतो आणि मग मेलमध्ये किंवा वर्डमध्ये चिकटवतो. मधल्या त्या थांब्यावर फॉन्ट, रंग, लिंका, टेबलाच्या रेषा असं सगळं गळून पडतं आणि नुसती अक्षरं उरतात. ही युक्ती कुठल्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. एकाने दुसऱ्याला करताना पाहिलं आणि उचललं, अशीच ती पसरली.

नोटपॅड म्हणजे गाळणी, आणि गाळणीने स्वतःचं काही मिसळायचं नसतं. गेल्या काही वर्षांत विंडोज ११ मधल्या नोटपॅडवर लोक चिडले, ते का, याचं उत्तर मला या एका वापरात सापडतं. नवी सोय वाईट निघाली म्हणून ही चीड आलेली नाही. बहुतेक सोयी सुट्या तपासल्या तर चांगल्याच आहेत. पण ज्या साधनावर लोक ‘हे काहीच करत नाही’ म्हणून विसंबले होते, ते काहीबाही करायला लागलं. म्हणून हे प्रकरण जरा बारकाईने बघण्यासारखं आहे.

आधी काय होतं

नोटपॅडचा जन्म विंडोजच्याही आधीचा. १९८३ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी ‘मल्टी-टूल नोटपॅड’ आणलं. रिचर्ड ब्रॉडी यांनी लिहिलेला, माउसवर चालणारा तो साधा संपादक होता. १९८५ मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा नोटपॅड तिच्यासोबत आलं आणि तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीत राहिलं.

आतून ते फार काही नव्हतंच. कुठल्याही विंडोज प्रोग्रामला उपलब्ध असलेला मजकूर टंकायचा तयार चौकोन घ्यायचा, त्याला मेनू लावायचा, फाइल उघडायची आणि जतन करायची सोय द्यायची, की झालं नोटपॅड. विंडोज एक्सपीच्या काळात ही अख्खी फाइल सुमारे ७० केबीची होती. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा याच्या कितीतरी पट मोठा असतो.

जुन्या नोटपॅडची आरती ओवाळायची माझी इच्छा नाही, कारण त्यात खरोखर दोष होते आणि ते अनेक वर्षं तसेच राहिले. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये ६४ केबीपेक्षा मोठी फाइल ते उघडायचंच नाही. कंट्रोल-झेड एकदा दाबलं तर शेवटचा बदल मागे जायचा आणि दुसऱ्यांदा दाबलं की तोच बदल परत यायचा. त्याच्या आधीच्या बदलापर्यंत पोचायचा मार्गच नव्हता. लिनक्स या दुसऱ्या प्रणालीवर तयार झालेली फाइल उघडली की सगळ्या ओळी एकाच लांबलचक रांगेत चिकटून दिसायच्या, कारण ओळ संपल्याची तिथली खूण नोटपॅडला कळत नसे. मराठी लिहिणाऱ्यांना तर वेगळाच चटका बसलेला आहे. देवनागरीत मजकूर लिहायचा, घाईत कंट्रोल-एस दाबायचं, ‘यातली काही अक्षरं जातील’ अशी सूचना न वाचता होकार द्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी फाइल उघडली की रांगेने प्रश्नचिन्हं. जतन करताना ‘अन्सी’ या अक्षरं साठवण्याच्या जुन्या पद्धतीचीच निवड आधीपासून ठरलेली असायची आणि अन्सीमध्ये आपल्या अक्षरांना जागा नव्हती.

हे दोष पुढे दुरुस्त झाले, आणि ते कसे झाले हे या प्रकरणात महत्त्वाचं आहे. २०१८ मध्ये विंडोज १० च्या एका अद्ययावत आवृत्तीत नोटपॅड लिनक्सच्या ओळी ओळखायला लागलं. २०१९ मध्ये नवी फाइल आपोआप यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिपींना जागा असलेल्या पद्धतीत, जतन व्हायला लागली आणि प्रश्नचिन्हांची रांग थांबली. या दोन्ही सुधारणा फार मोठ्या होत्या, तरी पडद्यावर त्यांची एकही खूण नव्हती. नवं बटण आलं नाही, ‘हे करून बघा’ असा फुगा उगवला नाही. ज्याला गरज होती त्याचं काम सुरळीत झालं आणि बाकीच्यांना काही बदललंय याचा पत्ताही लागला नाही.

एक जुना किस्सा इथे सांगायलाच हवा. फाइल अन्सी, यूटीएफ-८ अशा कुठल्या लिपीसंकेतात आहे हे पूर्वीचं नोटपॅड तिच्यातली अक्षरं बघून अंदाजाने ठरवायचं. चार, तीन, तीन आणि पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द ओळीने लिहून फाइल जतन केली आणि पुन्हा उघडली, तर काही वाक्यांच्या जागी चिनी अक्षरं दिसायची. अंदाज चुकायचा. विंडोज व्हिस्टामध्ये तो सुधारला गेला. पण अख्ख्या नोटपॅडमध्ये जी एकच ‘हुशारी’ होती, तिथेच ते सर्वांत प्रसिद्ध झालेली चूक करत होतं, हे मला फार बोलकं वाटतं.

मग काय झालं

२०२१ च्या शेवटी विंडोज ११ साठी नोटपॅड नव्याने बांधलं गेलं. गोलसर कोपरे आले, काळी पार्श्वभूमी आली आणि अनेक पायऱ्या मागे जाणारं कंट्रोल-झेड आलं. या टप्प्यावर कुणाची फारशी तक्रार नव्हती. एक गोष्ट मात्र तेव्हाच बदलली होती: नोटपॅड आता विंडोजच्या मोठ्या आवृत्तीची वाट न पाहता स्टोअरमधून स्वतंत्रपणे अद्ययावत होत होतं. जो प्रोग्राम अनेक वर्षांत एखादा बदल स्वीकारायचा, त्याला आता कधीही नवं काही जोडता येणार होतं.

आणि ते जोडलं गेलं. २०२३ मध्ये टॅब आले, त्याच वर्षी मागचं सत्र आपोआप परत उघडण्याची सोय आली. २०२४ मध्ये शुद्धलेखन तपासणी आणि चुका आपोआप दुरुस्त करणं आलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मजकूर पुन्हा लिहून घेण्याची सोय चाचणीसाठी दिली गेली. २०२५ मध्ये सारांश काढणं आणि सूचना देऊन नवा मजकूर लिहून घेणं आलं. त्याच वर्षी ठळक, तिरपं, मथळे, याद्या अशी मार्कडाउनवर (साध्या खुणांनी मांडणी लिहायच्या पद्धतीवर) आधारलेली मांडणी आली, आणि तिच्यासाठी वरती बटणांची एक पट्टी आली.

यादरम्यान नोटपॅडला सेटिंग्जचं वेगळं पान मिळालं. माझ्या लेखी संपूर्ण प्रकरणाची खूण हीच आहे. ज्या साधनात ठरवण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं, त्यात ‘हे बंद कुठे करायचं’ हे शोधायला एक पान लागलं.

दोन फुल्यांची गोष्ट

सर्वांत जास्त गोंधळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बटणाने घातला, असं वरवर वाटतं. माझ्या मते खरी दुखरी जागा त्याच्याही आधीची आहे, ती म्हणजे मागचं सत्र परत उघडणं.

पूर्वी नोटपॅड बंद करायला गेलात की ते विचारायचं: बदल जतन करायचे का? हो, नाही, रद्द. हा प्रश्न कितीही कंटाळवाणा असला तरी त्यातून एक करार पक्का व्हायचा. ‘नाही’ म्हटलं की तो मजकूर गेला, कायमचा. पुढच्या वेळी नोटपॅड उघडलं की समोर पांढरा कागद.

नव्या नोटपॅडमध्ये अख्खी खिडकी बंद केली तर ते काहीच विचारत नाही. तुमचा जतन न केलेला मजकूर ते सांभाळून ठेवतं आणि पुढच्या वेळी आहे तसा समोर आणतं. पण तेच एक टॅब त्याच्या छोट्या फुलीने बंद केलं, तर मात्र जतन करायचं का, हे विचारतं. म्हणजे वरच्या कडेला थोड्या अंतरावर दोन फुल्या आहेत. एक विचारते, दुसरी विचारत नाही. एक मजकूर टाकून देऊ शकते, दुसरी तो जपून ठेवते. ज्याने बरीच वर्षं डोळे मिटून खिडकीची फुली दाबली आहे, त्याच्या हाताला हा फरक कळायला कितीतरी दिवस जातात.

आता लोक नोटपॅडमध्ये काय लिहितात ते आठवा. फोनवर बोलताना समोरच्याने सांगितलेला नंबर, नव्या खात्याचा तात्पुरता पासवर्ड, रागाच्या भरात लिहिलेलं आणि न पाठवायचं ठरवलेलं उत्तर, राजीनाम्याचा पहिला खर्डा. हे सगळं तिथे लिहिलं जातं कारण ते तिथे राहणार नाही, याची खात्री असते. हातावर लिहून धुऊन टाकावं तसं.

दुसऱ्या दिवशी बैठकीत आपला पडदा सगळ्यांना दाखवत असताना दोन ओळी टिपून घ्याव्यात म्हणून नोटपॅड उघडलं आणि कालचा खर्डा सगळ्यांसमोर आला, तर तो माणूस चिडणार नाही का? यात कुठला बिघाड नाही. सोय अगदी ठरल्याप्रमाणे चालली. तरीही त्या माणसाला फसवलं गेल्यासारखं वाटतं आणि ते वाटणं बरोबर आहे, कारण त्याला न विचारता करार बदलला गेला.

हा मजकूर राहतो कुठे, तेही सांगतो. वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये खूप आत ‘टॅबस्टेट’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात उघड्या टॅबमधला मजकूर बायनरी फाइलींच्या (साध्या नजरेने न वाचता येणाऱ्या) रूपात पडून असतो, तुम्ही तो कधीही जतन केला नसला तरी. संगणकावरचे पुरावे तपासणारे तज्ज्ञ या फाइली वाचतात, त्यासाठीची साधनं तयार झाली आहेत. त्यांच्या कामासाठी ही चांगलीच गोष्ट आहे. पण तात्पुरता पासवर्ड लिहिणाऱ्या माणसाला ‘तू जतन केलं नाहीस तरी हे डिस्कवर आहे’ हे कुणी सांगितलं होतं?

याच्या उलट बाजूला वीज गेल्यावर किंवा संगणक अचानक पुन्हा सुरू झाल्यावर ज्याचा तासाभराचा मजकूर वाचला, त्याचा आनंदही खरा आहे. तो आनंद मला कमी लेखायचा नाही. एखादी सोय एकाला वाचवते आणि दुसऱ्याला उघडं पाडते, तेव्हा ती आधीपासून चालू ठेवायची की बंद, हा निर्णय फार विचाराने घ्यायला हवा. निदान पहिल्यांदा खिडकी बंद करताना एका ओळीत विचारता आलं असतं: यापुढे तुमचा मजकूर सांभाळून ठेवू का? तेवढ्याने बरीच चिडचिड वाचली असती.

टॅबचंही थोडं तसंच आहे. पूर्वी दोन फाइलींवर दोनदा क्लिक केलं की दोन खिडक्या उघडायच्या, शेजारीशेजारी ठेवून ताडून बघता यायच्या. आता दुसरी फाइल पहिलीच्याच खिडकीत टॅब होऊन बसते आणि ती ओढून बाहेर काढावी लागते. सेटिंग्जमध्ये हे बदलता येतं. पण आधी आपल्या रोजच्या सवयीला काय झालं, हे कळायला हवं, मग ती सेटिंग शोधायला हवी.

बटण आणि पट्टी

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावरचा राग समजायला सोपा आहे. मजकूर पुन्हा लिहून घ्यायची सोय आली ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साइन-इन करायची अट घेऊन आणि वापराला ‘क्रेडिट्स’ची, म्हणजे ठरावीक कोट्याची, मर्यादा घेऊन. नोटपॅडमध्ये खातं! पुढे काही खास क्षमतेच्या नव्या संगणकांवर हे काम संगणकातच होण्याची सोय झाली. हे सगळं सेटिंग्जमधून बंद करता येतं आणि संस्थांना धोरण लावून सगळ्या संगणकांवर एकदम बंद करता येतं. तरीही प्रश्न उरतो तो भरवशाचा. ज्या खिडकीत माणूस गोपनीय मजकूर बिनधास्त टाकायचा, तिच्या कोपऱ्यात बाहेरच्या सेवेशी जोडलेलं बटण दिसलं की हात क्षणभर थांबतो. बटण दाबल्याशिवाय मजकूर कुठे जात नाही, हे खरं आहे. पण ते माहीत करून घ्यावं लागतं, आणि पूर्वी माहीत करून घ्यावं असं काही नव्हतंच.

मांडणीच्या पट्टीचंही तसंच. नुसत्या अक्षरांसाठी असलेल्या जागेत ‘ठळक’चं बटण दिसलं की गाळणीवरचा विश्वास डळमळतो. इथून उचललेला मजकूर खरंच साधा आहे ना? पट्टी लपवता येते, मांडणी पूर्ण बंदही करता येते. शुद्धलेखन तपासणीच्या बाबतीत मात्र बनवणाऱ्यांनी नीट विचार केलेला दिसतो. प्रोग्रामच्या आणि लॉगच्या फाइलींमध्ये ती आधीपासूनच बंद असते, कारण तिथे लाल रेघा म्हणजे नुसता त्रास. तीच काळजी बाकीच्या सोयींना मिळायला हवी होती.

हे का घडलं

मायक्रोसॉफ्टला वापरकर्त्यांची पर्वा नाही, असं म्हणून हात झटकणं सोपं आहे, पण त्याने काहीच उलगडत नाही.

एक धागा वर्डपॅडचा आहे. विंडोज ९५ पासून नोटपॅड आणि वर्ड यांच्या मधली जागा वर्डपॅडने धरली होती. थोडं ठळक, थोडा मथळा, एखादी यादी एवढ्यासाठी तो पुरेसा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये तो काढून टाकणार असल्याचं जाहीर झालं आणि २०२४ च्या विंडोज ११ मध्ये तो उरला नाही. मधली पायरी काढली, पण तिच्यावर उभे असलेले लोक होतेच. त्यांना ठळक आणि मथळे कुठे तरी द्यायचे होते, ते नोटपॅडमध्ये आले. म्हणजे एक साधन काढल्याची भरपाई दुसऱ्याच्या साधेपणातून झाली. मला हा निर्णय या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चुकीचा वाटतो. दोन वेगळ्या गरजांसाठी दोन वेगळी साधनं होती, ती तशीच राहायला हवी होती.

दुसरा धागा असा, की नोटपॅड प्रत्येक विंडोज संगणकावर असतं. कुठलीही नवी सोय लोकांपर्यंत पोचवायची तर याच्याइतकी तयार जागा सापडणार नाही. आणि जो चमू एखाद्या साधनावर वर्षभर काम करतो, त्याला वर्षाच्या शेवटी काहीतरी दाखवावं लागतं. ‘आम्ही या वर्षी काही बिघडू दिलं नाही’ हे काम खरं तर मोलाचं, पण ते सादरीकरणात दिसत नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कुठल्याही संस्थेत हेच होतं, आणि तिथे काम करणारी माणसं प्रामाणिक असूनही होतं.

आता एक आक्षेप येतो तो रास्त आहे. टॅब आणि सत्र जपणं या सोयी इतक्या त्रासदायक असतील, तर २००३ पासून असलेलं नोटपॅड प्लस प्लस लोकांना का आवडतं? त्यात तर टॅबही आहेत, जतन न केलेला मजकूर परत येण्याची सोयही आहे आणि वर शंभर गोष्टी आहेत. याचं उत्तर असं, की ते लोकांनी स्वतः शोधून, स्वतः उतरवून घेतलं. त्यात काय आहे हे माहीत असताना घेतलं. विंडोजमधलं नोटपॅड मात्र कुणी निवडलेलं नसतं. नव्या संगणकावर, दुसऱ्याच्या संगणकावर, सर्व्हरवर, जिथे काहीही बसवायची परवानगी नसते तिथेही ते असतं, आणि तिथे ते नेमकं कसं वागेल हे आधीपासून माहीत असणं हाच त्याचा उपयोग असतो.

मे २०२५ मध्ये याच कंपनीने ‘एडिट’ नावाचा एक छोटा संपादक मुक्त स्रोत (ज्याचा कोड कुणालाही बघता येतो असा) म्हणून जाहीर केला. आकार २५० केबीच्या आत. तो कमांड लाइनसाठी, म्हणजे आज्ञा टंकून काम करायच्या खिडकीसाठी आहे, नोटपॅडला पर्याय म्हणून आणलेला नाही, हे स्पष्ट करायला हवं. डॉसमधल्या जुन्या एडिटची आठवण करून देणारं ते साधन आहे. छोटं, ठरावीक काम करणारं साधन आजही बनवता येतं आणि मोठ्या कंपनीलाही बनवता येतं, एवढं त्यावरून दिसतं.

सध्या काय करता येतं

ज्यांना पूर्वीचं वागणं हवं आहे त्यांनी नोटपॅडच्या सेटिंग्जच्या पानावर जावं. ‘नोटपॅड सुरू होताना’ या ठिकाणी नवं सत्र सुरू करण्याचा पर्याय निवडला की कालचा मजकूर समोर येणं थांबतं. फाइली टॅबऐवजी नव्या खिडकीत उघडायचं तिथेच ठरवता येतं. मांडणी, शुद्धलेखन, आपोआप दुरुस्ती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांचे स्विच त्याच पानावर आहेत. बहुतेक लोकांचं काम एवढ्याने भागतं.

दुसरा रस्ता अनेकांना माहीत नसतो. विंडोज ११ मध्ये जुनं नोटपॅड पूर्ण गेलेलं नाही, विंडोजच्या फोल्डरमध्ये ते अजून आहे. फक्त त्याला हाक मारली की नवं पुढे येतं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सच्या विभागात ‘अ‍ॅप एक्झिक्यूशन एलिआसेस’ नावाची यादी असते, तिथे नोटपॅडसमोरचा स्विच बंद करायचा. मग विंडोज-आर दाबून नोटपॅड असं टंकलं की जुनी खिडकी उघडते.

तिथे फाइल, एडिट, फॉरमॅट, व्ह्यू, हेल्प असे पाच मेनू आहेत. पहिल्या ओळीत टिंब देऊन पुढे कॅपिटल अक्षरांत एल-ओ-जी लिहा, फाइल जतन करा, बंद करा आणि पुन्हा उघडा. मजकुराच्या खाली त्या क्षणाची वेळ आणि तारीख येते, कर्सर पुढच्या ओळीवर थांबतो. रोजनिशी ठेवणारे अनेक जण हे वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. ही सोय मेनूत कुठेही दिसत नाही आणि जो ती तीन अक्षरं लिहीत नाही, त्याच्या वाट्याला ती कधी येत नाही.